कासिल्दाची तिसरी प्रार्थना

आमच्या गल्लीतली घरं वर जाताना पुढे झुकत जातात. खालचा मजला दगडी, त्यावर लाकडी चौकटीत माती भरलेला दुसरा मजला जरा पुढे, तिसरा आणखी पुढे. त्यामुळे माझ्या स्वयंपाकघरातून हात लांब केला की कासिल्दामावशीच्या खिडकीतून मीठ घेता यायचं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ती जाईपर्यंत आमचं असंच चाललं. म्हणून तिचं मी सांगते आहे. गावात तिच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्या खिडक्या दुसऱ्या गल्लीत आहेत.

ती आमची घंटावाली होती. दिवस मावळला की काळी शाल डोक्यावरून घेऊन निघायचं, ठरलेल्या कोपऱ्यांवर थांबायचं, घंटा वाजवायची आणि घराघरातल्या लोकांना आठवण करून द्यायची: शुद्धिस्थानात अडकून पडलेल्या आत्म्यांसाठी एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणा, एक ‘नमो मरिया’ म्हणा. मग पुन्हा घंटा, आणि महापापात पडलेल्यांसाठी पुन्हा तेच. एवढंच काम. पण ते बाईनंच करायचं, आणि एकही संध्याकाळ चुकवायची नाही. बर्फ पडो, अंगात ताप असो, घरात कुणी मेलेलं असो.

कासिल्दा मोगार्रासची, डोंगराच्या पलीकडच्या अंगाची. तिकडच्या मुली नाचायला चांगल्या, आणि ही त्यांच्यात पहिली, असं माझी सासू सांगायची. निकासिओशी लग्न होऊन ती इथं आली तेव्हा तिच्या सासूचे गुडघे गेले होते. आमच्या गल्ल्या गोट्या-दगडांच्या आणि उताराच्या, त्यांनी गुडघे कुणाचेच ठेवलेले नाहीत. सासूनं एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर घंटा ठेवली आणि म्हणाली, “उद्यापासून तू.” कासिल्दा हसली. तिला वाटलं थट्टा आहे. ती तेव्हा बावीस-तेवीसची असेल. दुसऱ्या दिवशी तिनं काळा घागरा घातला, तो मग उतरलाच नाही.

“मला तेव्हा रडू आलं नाही,” ती मला एकदा म्हणाली. “मला लाज वाटायची. पहिल्याच आठवड्यात सान आंतोनचं डुक्कर माझ्या मागं लागलं. त्याच्या गळ्यात घंटा, माझ्या हातात घंटा. पोरं ओरडायची, दोघी बहिणी निघाल्या बघा.”

ते डुक्कर गावाचं असतं. उन्हाळ्यात मोकळं सोडतात, ज्याच्या दारात जाईल त्यानं खाऊ घालायचं, आणि जानेवारीत सोडत काढून कुणाला तरी देऊन टाकायचं. त्या वर्षी ते कासिल्दाच्या मागंच फिरलं. ही गोष्ट सांगताना ती हसायची. तिला हसताना मी पाहिलं त्यातल्या मोजक्या वेळा याच.

निकासिओकाका कमी बोलणारा. वरच्या अंगाला हॅम वाळवायचं मोठं कोठार आहे, तिथं तो कामाला होता. डुकराच्या मांड्या मिठातून काढल्या की आढ्याला टांगतात आणि पुढचं सगळं काम वारा करतो. उत्तरेचा कोरडा वारा आला की खिडक्या उघडायच्या, दरीतून धुकं चढायला लागलं की बंद करायच्या. निकासिओकाका जन्मभर खिडक्या उघडत आणि लावत राहिला. जेवता जेवता उठून जायचा. मग मालकानं थंड हवेची यंत्रं आणली, खिडक्या कायमच्या लावून घेतल्या, आणि काकाला मांड्या धुण्याच्या कामाला घातलं. त्यानं कुणाकडे तक्रार केली नाही. दोन हिवाळ्यांत छातीनं गेला.

त्यांना एकच मुलगा, फाउस्तो.

फाउस्तोबद्दल मी नीट सांगितलं पाहिजे, कारण नंतर त्याच्याबद्दल वाटेल ते बोललं गेलं. तो वाईट नव्हता, आळशी नव्हता, पीत नव्हता. त्याला मधून मधून काहीतरी व्हायचं. आठ-आठ दिवस बोलायचा नाही. जेवायला बसला तर ताटाकडे बघत राहायचा. गावात म्हणायचे, फाउस्तोच्या डोक्यात धुकं चढलंय, आणि तेवढ्यावर विषय संपायचा. तो सालामांकाला एका गोदामात काही वर्षं कामाला होता, परत आला, आणि त्याच कोठाराची गाडी चालवायला लागला. दुकानांना हॅम पोचवायचे, माझ्याही दुकानात तोच आणायचा. चांगल्या दिवसांत तो माझ्या काउंटरवर टेकून बसायचा आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “ओब्दुलियावहिनी, हा हॅम कालचा नाही ना? काल तुम्ही मांजराला दिला तो?” मी त्याला फडक्यानं मारायची.

लग्न झालं नाही. चाळिशी आली. कासिल्दामावशी विषय काढायची नाही. ती संध्याकाळी घंटा घेऊन निघाली की तो दारात उभा राहून तिच्या शालीची गाठ सारखी करायचा, एवढं मी खिडकीतून रोज पाहिलं आहे.

तो गेला त्या नोव्हेंबरात धुकं आठवडाभर उतरलंच नव्हतं. युरो यायच्या आधीची गोष्ट. दुपारी फाउस्तो कोठाराची गाडी घेऊन निघाला आणि बातुएकासच्या रस्त्याला लागला. तो रस्ता खिंडीतून एकदम खाली दरीत उतरतो, वळणावर वळण. खाली संन्याशांचा एक मठ आहे, आणि त्याच्या पलीकडे उर्देसची गरीब वस्ती. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी एका शेळीवाल्याला दिसली. खूप खाली होती.

पोलिसांनी धुकं लिहिलं. फादर एलादिओंनी चर्चमध्ये मयताची पूर्ण मिस्सा केली, त्याच्या वडिलांच्या शेजारी दफन झालं. सगळं रीतसर झालं. त्याच संध्याकाळी कासिल्दामावशी घंटा घेऊन निघाली. मी म्हणाले, “मावशी, आजचा दिवस मी जाते.”

“तुला कोपरे ठाऊक नाहीत,” ती म्हणाली आणि गेली.

पण गावाला तोंड असतं. उल्पिआनो खाटीक दारूच्या गुत्त्यात बसून म्हणाला, “मला एक सांगा, बातुएकासच्या संन्याशांनी हॅम मागवला होता का? ते तर मांसाला शिवत नाहीत.” लोक हसले नाहीत, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. मग दुसरा म्हणाला की रस्त्यावर ब्रेक मारल्याची खूण नव्हती. तिसरा म्हणाला, त्याला पहिल्यापासूनच तसं होतं. गुत्त्याची खिडकी उघडी होती आणि पलीकडच्याच कोपऱ्यावर कासिल्दामावशी घंटा वाजवायला थांबली होती.

तिनं पहिली प्रार्थना सांगितली. आत्म्यांसाठी. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. मग दुसऱ्यांदा घंटा वाजवली, आणि गप्प उभी राहिली. महापापात पडलेल्यांसाठी, एवढे शब्द म्हणायचे होते. ते आले नाहीत. ती तशीच पुढच्या कोपऱ्याकडे गेली.

त्या दिवसापासून दुसरी प्रार्थना बंद झाली. घंटा दोनदा वाजायची, पण दुसऱ्या घंटेनंतर काहीच यायचं नाही. घरात बसून ऐकणाऱ्याला तो मधला वेळ फार लांब वाटायचा. माझा नवरा चमचा तसाच धरून बसायचा. म्हणायचा, “आज तरी म्हणेल.” ती म्हणायची नाही.

म्हाताऱ्या बायका फादरकडे गेल्या. शेकडो वर्षांची रीत आहे, अर्धीच कशी चालेल, त्यांच्या पापी नातेवाइकांचं काय. फादर एलादिओ तेव्हा तरुण होते, सामोराहून आलेले, भांडणाला घाबरणारे. ते एका दुपारी मावशीकडे आले. माझी खिडकी उघडी होती आणि मी ती लावली नाही.

“कासिल्दाबाई, लोक मला विचारतात.”

“मी पण तुम्हाला विचारणारच होते, फादर. बसा.” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “माझा फाउस्तो कुठल्या प्रार्थनेत येतो?”

फादर खोकले.

“पहिलीत येत असेल तर ती मी म्हणतेच आहे. दुसरीत येत असेल तर मी गल्लीगल्लीत उभं राहून सांगायचं की माझा मुलगा तसला होता? आणि दोन्हीत येत नसेल तर मग त्याच्यासाठी कोण म्हणतंय?”

“दुसरी प्रार्थना जिवंत माणसांसाठी आहे. जे अजून पश्चात्ताप करू शकतात त्यांच्यासाठी.”

“असं तुम्ही म्हणता. माझी सासू तसं म्हणायची नाही. तिच्या वेळेला जो आपल्या हातानं गेला त्याला दफनभूमीच्या भिंतीच्या बाहेर पुरायचे, आणि सगळे म्हणायचे की दुसरी प्रार्थना त्याचीच.”

“ते दिवस गेले, बाई. आणि फाउस्तोचा तर अपघात होता.”

“तुम्ही पाहिलात?”

“नाही,” फादर म्हणाले.

“मीही नाही,” ती म्हणाली. “कॉफी घेता?”

ते कॉफी न घेता गेले. त्यांनी नंतर बायकांना काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण विषय थांबला. तो संपला नाही. बायका तिला रस्त्यात भेटल्या की जरा जास्तच गोड बोलायच्या, आणि मावशीला ते कळायचं.

त्या हिवाळ्यात ती फार थकली. मी सूप द्यायची ते खिडकीतून परत यायचं, तसंच भरलेलं. ती दिवसभर अंधारात बसायची. दिवा लाव म्हटलं तर म्हणायची, “कशाला, मला सगळं दिसतं.” फाउस्तोच्या खोलीचं दार ती दिवसातून कितीदा तरी उघडायची आणि लावायची. आत जायची नाही. मला निकासिओकाकाच्या खिडक्या आठवायच्या, पण तसं मी तिला कधी बोलले नाही.

आणि त्यात पाहुणे. सरकारनं आमचं गाव जपायचं ठरवलं तेव्हापासून आम्हाला खिडकीला नवीन फळी लावायची तरी परवानगी लागते, आणि शनिवार-रविवारी बसगाड्या येतात. लोक चांगले असतात, मी त्यांच्यावरच जगते. ते चौकातल्या दगडी क्रुसापाशी फोटो काढतात, माझ्याकडून हॅमचे पातळ काप आणि थोडी चिरलेली लसणाची सॉसेजं घेतात, दरवाज्यांवर कोरलेली घरबांधणीची सालं वाचतात आणि संध्याकाळी घंटावालीची वाट बघत उभे राहतात. फाउस्तोला जाऊन दोन-तीन महिने झाले असतील, एक गृहस्थ कॅमेरा घेऊन तिच्या पुढे पुढे उलटा चालत होता. एका कोपऱ्यावर ती घंटा वाजवून निघाली तर तो म्हणाला, “बाई, जरा परत कराल का? उजेड बरोबर नव्हता.”

मी दुकान बंद करत होते. मला वाटलं आता जाऊन याला चार शब्द ऐकवावे. पण मावशी वळली, त्याच जागी परत उभी राहिली, घंटा वाजवली आणि पहिली प्रार्थना सगळी पुन्हा म्हणाली. तो आभार मानून गेला.

“मावशी, कशाला ऐकलंस त्याचं?”

“एकदा जास्त म्हटली,” ती म्हणाली. “कुणाला तरी पोचली असेल.”

चेस्टनटला पालवी फुटायला लागली तेव्हा ती बाई आली. मी काउंटरवर होते. पस्तिशीची असेल, साधा कोट, पायांत चालायचे बूट. तिनं थोडा हॅम मागितला, मी कापला, गुंडाळून दिला, तरी ती जाईना.

“फाउस्तोची आई इथंच कुठंतरी राहते ना?”

मी तिच्याकडे नीट पाहिलं. “तू कोण?”

“माझं नाव निएवेस. मी उर्देसमध्ये शाळेत शिकवत होते. आता कासेरेसला असते.”

मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तिला वर घेऊन गेले. मावशीच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी बसलो. मी निघायला उठले तर मावशी म्हणाली, “तू बस, ओब्दु. तू खिडकीतून ऐकणारच आहेस.”

निएवेसनं सरळ सांगितलं. कोठाराची गाडी एकदा तिच्या वस्तीत बंद पडली होती. तिच्या वडिलांनी, ते मधमाश्या पाळतात, फाउस्तोला घरात घेतलं, जेवू घातलं. पुढे तो सुटीच्या दिवशी यायला लागला. वर्षाच्या वर झालं होतं. कधी तिच्याशी बोलायचा, कधी नुसताच तिच्या वडिलांबरोबर पोळ्यांच्या पेट्यांपाशी दुपारभर गप्प बसायचा. वडिलांना तो आवडायचा. म्हणायचे, हा माणूस माश्यांना घाबरवत नाही.

“मला कधी बोलला नाही,” मावशी म्हणाली.

“तो म्हणायचा, गावाला कळलं की ते गावाचं होईल.”

मावशीनं मान हलवली. ते खरंच होतं.

“नोव्हेंबरात माझी बदली झाली,” निएवेस म्हणाली. “मी त्याला फोन केला. म्हटलं, मी कासेरेसला जाते आहे. या आठवड्यात येऊ नकोस, मला विचार करायचा आहे. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला, तुझ्या वडिलांना हॅम कबूल केला आहे, तेवढा देऊन जातो. मी म्हटलं, फाउस्तो, धुकं आहे, येऊ नकोस. तो म्हणाला, देऊन लगेच वळतो. मी खिडकीत उभी होते. तो आला नाही. मला वाटलं, ऐकलं त्यानं माझं. दुसऱ्या दिवशी पाववाल्यानं सांगितलं.”

“त्याचा आवाज कसा होता?”

“नेहमीसारखा.”

“नेहमीसारखा म्हणजे कसा ते मला तरी कुठं ठाऊक आहे,” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “रागावलेला होता? रडत होता?”

“मला नाही सांगता येत. मी किती वेळा आठवून पाहिलं. कधी वाटतं, तो हसत बोलत होता. कधी वाटतं, ते हसणं मीच नंतर घातलं आहे.”

खाली चौकात बस लागली होती, माणसांचे आवाज येत होते. मावशी उठली, आतल्या अंधाऱ्या खोलीत गेली आणि एक हॅम घेऊन आली. फडक्यात गुंडाळलेला, दोरीनं बांधलेला, फडक्याला एका बाजूनं चिखल लागून वाळलेला. पोलिसांनी गाडीतलं सामान परत केलं त्यात तो होता. कोठाराच्या मालकानं नको म्हटलं, तेव्हापासून तो तिच्याकडे टांगलेला होता. तो कुणासाठी होता हे आजवर तिला कळलं नव्हतं. मलाही नाही.

तिनं तो टेबलावर ठेवला.

“हा घेऊन जा.”

“मावशी, हा मला कसा नेववेल?”

“तुझ्यासाठी नाही. तुझ्या वडिलांसाठी आहे.”

निएवेस रडायला लागली. मावशीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. दोरीची गाठ घट्ट आहे ना ते तिनं बघितलं. मी त्या बाईला बसपर्यंत पोचवलं. हॅम मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली होती, लहान मूल धरावं तशी नाही, ओझं धरावं तशी.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, “हॅम घेऊन निघालेला माणूस मरायला निघालेला नसतो.”

तो म्हणाला, “निघताना नसेल.”

मी हे मावशीला सांगितलं नाही, पण ती स्वतःच तिथवर पोचली होती. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर ती माझ्या दारात उभी. “तुझी गाडी चालू आहे का? मला ती जागा दाखव.”

आम्ही खिंडीपर्यंत गेलो आणि तिथून खाली उतरायला लागलो. स्वच्छ ऊन होतं. मावशी मोगार्रासची, जन्म या डोंगरात गेला, पण या रस्त्यानं ती कधी उतरली नव्हती. तिला काही कामच पडलं नव्हतं. त्या वळणावर मी गाडी लावली. ती कडेला जाऊन उभी राहिली. मी तिच्या शालीचं टोक धरून ठेवलं. खाली झाडं होती, एक पांढरा दगड होता, आणखी काही नव्हतं. तिनं खाली पाहिलं, मग आलो तो रस्ता पाहिला, मग पुढे उर्देसकडे जाणारा पाहिला. वळणाला तेव्हा कठडा नव्हता. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मला वाटलं ती प्रार्थना करते आहे.

“इथून काही कळत नाही, ओब्दु,” ती म्हणाली.

“नाही, मावशी.”

“मला वाटलं होतं, इथं आले की कळेल. आईला कळेल.”

तिनं शाल माझ्या हातातून सोडवून घेतली. “चल. घंटेची वेळ होईल.”

त्या संध्याकाळी मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. ती चर्चच्या मागच्या कोपऱ्यावर आली, घंटा वाजवली, पहिली प्रार्थना सांगितली. दुसऱ्यांदा घंटा वाजवली. आणि दुसरीही सांगितली, महापापात पडलेल्यांसाठी, इतक्या महिन्यांनी, जशी पूर्वी सांगायची तशी. समोरच्या घरातून कुणीतरी ‘देवा’ असं म्हटलेलं मी ऐकलं. मला वाटलं, संपलं. पण तिनं तिसऱ्यांदा घंटा वाजवली.

“आणि आणखी एक,” ती म्हणाली, “ज्यांचं काय झालं ते आपल्यातल्या कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी.”

प्रत्येक कोपऱ्यावर तिनं ती सांगितली. दुसऱ्या दिवशीही सांगितली.

फादर पुन्हा आले. या वेळी दारातच उभे राहिले.

“कासिल्दाबाई, हे पुस्तकात नाही.”

“पुस्तकात फाउस्तो कुठं आहे ते दाखवा, मी गप्प बसते.”

“निदान हळू म्हणत जा.”

“हळू म्हटली तर ज्याची आहे त्याला ऐकू कशी जाईल?”

फादरनी टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, “माझा एक मामा होता,” आणि पुढे काही न सांगताच निघून गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

गावानं ती प्रार्थना लगेच घेतली असं नाही. उल्पिआनोनं तिसऱ्या घंटेला दार लावून घ्यायला सुरुवात केली, मोठ्यानं, मुद्दाम. काही बायका म्हणाल्या, मुलाच्या दुःखानं हिचं डोकं फिरलं. पण मग एक दिवस म्हातारी बाल्बिना दारात येऊन उभी राहिलेली दिसली. तिचा भाऊ गालिसियाला मासेमारीच्या बोटीवर गेला होता, बोट परत आली, तो नाही. बोटीवरच्यांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. मग पावाच्या भट्टीवाला सेगुंदो उभा राहायला लागला. त्याच्या बापाला यादवी युद्धाच्या वर्षी एका ट्रकमधून नेलं होतं, तो परत आला नाही. सेगुंदो तेव्हा पाळण्यात होता, आणि आता त्याला स्वतःला दिसायचं कमी झालं होतं, तरी त्या वेळेला तो भिंतीला धरून बाहेर यायचा. या माणसांनी आपल्या घरातली ही गोष्ट कधी उंबऱ्याबाहेर काढली नव्हती. त्यांनी ती आताही सांगितली नाही. नुसते दारात उभे राहायचे, ओठ हलायचे, आणि मावशी पुढे गेली की आत जायचे.

कासिल्दामावशी त्यानं सुखी झाली असं म्हणणं खोटं होईल. ती अंधारातच बसायची. निएवेस एकदा वडिलांच्या हातचा मध घेऊन आली, मग तिचं लग्न झालं, मग आली नाही. मावशी म्हणाली, “बरं झालं.” मध तिनं मला दिला. एकदा मी विचारलं, “मावशी, आता तुला काय वाटतं? अपघातच ना?” ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, “सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. घंटा वाजवते तेवढा वेळ काही वाटत नाही.”

मग तिचे गुडघे गेले, सासूसारखेच. शेवटची दोन वर्षं मी तिचा दंड धरून बरोबर चालायची, ती घंटा वाजवायची. पाहुणे आमचे फोटो काढायचे. नंतर एका फेब्रुवारीत ती न्याहारीच्या टेबलापाशी बसल्या बसल्याच गेली, पाव कॉफीत बुडवलेला तसाच होता. तिला निकासिओ आणि फाउस्तोच्या मध्ये जागा नव्हती, म्हणून त्यांच्या पायांशी पुरलं.

घंटा निकासिओकाकाची पुतणी फेलिसा हिच्याकडे गेली. भली बाई आहे, आवाज चांगला आहे, एक संध्याकाळ चुकवत नाही. तेव्हा नगरपालिकेनं चौकात एक फलक लावला, आमच्या रीतींची माहिती देणारा, चार भाषांत. त्यात प्रार्थना दोन आहेत. पहिल्या आठवड्यात फेलिसा माझ्याकडे आली.

“ओब्दुलियावहिनी, मी काय करू? मी तिसरी म्हणायला तयार आहे. पण फलक वाचून लोक उभे असतात. दोन ऐकून तिसरी आली तर म्हणतात, हे कुठून आलं. नवीन फादरनाही ठाऊक नाही.”

मी म्हटलं, “तुला जे बरं वाटेल ते कर.” मला आणखी काही सांगता आलं असतं, पण ती बिचारी आधीच घाबरलेली होती, आणि घंटा तिच्या हातात होती, माझ्या नाही.

तिनं दोनच ठेवल्या. सेगुंदो भट्टीवाला तोवर गेला होता. बाल्बिना काही दिवस दारात येऊन उभी राहिली. दोन घंटा व्हायच्या, फेलिसा पुढच्या कोपऱ्याला जायची, पाहुणे तिच्या मागं जायचे, आणि बाल्बिना तिथंच. मग थंडी वाढली आणि ती दिसेनाशी झाली.

परवा ती दुकानात आली होती. आता तिला हॅम चाववत नाही, सूपात टाकायला हाड नेते. मी हाड कागदात गुंडाळत होते तेव्हा म्हणाली, “ओब्दुलिया, ते तिसरं आता कुणी म्हणत नाही ना?”

“नाही, बाल्बिनाआजी.”

“मग बरं,” ती म्हणाली. “मला वाटलं, मीच बहिरी झाले.”